बोटीतून दिसलेला काठ

नदीकाठच्या रानात, लिंगायत रीतीनं पुरलेल्या नवऱ्याच्या समाधीवर पाणी घातल्याशिवाय शांतम्मा तोंडात घास घेत नसत. लेकानं, अमरनाथनं, त्याच रानात पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी तंबू उभारायला काढले आणि काम होईस्तोवर तिकडं येऊ नको म्हणून सांगितलं. तेवढे दिवस त्यांनी घरूनच हात जोडले.

आज तो स्वतःच घेऊन आला. "अव्वा, आधी बोटीत बस. लई मजा येती."

केशरी जाकीट घालून त्या बसल्या. पाहुण्यांची पोरं पाण्यात डुंबत होती, एकमेकांवर पाणी उडवत होती. शांतम्मांनाही हसू आलं. मग बोट वळली आणि काठ समोर आला. लिंबाखालचा समाधीचा ओटा नव्हता. तिथं गुळगुळीत फरशी होती, मधोमध शेकोटीची राख होती.

"अमरनाथ, तुझे अप्पा कुठं हायत?"

"हायत की तिथंच, खाली. वरचा ओटा तेवढा काढला. पाहुणे बिचकतात गं."

"शेजारची जागा माझी होती."

"आत्ताच कशाला तो विषय? चल उतर, नाष्टा तयार हाय."

"पाहुण्यांना वाढ," त्या हळूच म्हणाल्या. "माझं पाणी घालायचं राहिलंय."