ओतोसेची गुंडाळी

मित्रांनो, मी तंबाखू कापायचा एक जुना सुरा आहे, आणि अख्ख्या एदो शहराच्या तोंडातून निघणारा धूर आधी माझ्या धारेखालून गेलेला आहे. अख्ख्या म्हणजे दोन गल्ल्यांच्या. त्यातल्या एका गल्लीत बहुतेक जण खोकत.

माझे मालक योहाची हादानोच्या डोंगराखाली तंबाखू पिकवत आणि स्वतःच कापून विकत. आमच्याकडची रीत अशी, की बायकोने पानांच्या शिरा काढायच्या, थर रचून घट्ट गुंडाळी करायची आणि नवऱ्याने ती केसासारखी बारीक कापायची. गिऱ्हाइकं म्हणत, "काय हात आहे योहाचींचा!" मालक मान लववत. मीही चमकून घेई. गुंडाळणारी ओतोसे आत बसलेली असे.

एका हिवाळ्यात ती म्हणाली, "अहो, एकदा तरी चारचौघांत माझं नाव घ्या."

"त्यात काय एवढं? चटई मीही गुंडाळतो."

"मग गुंडाळा!" म्हणाली, आणि डोंगरापलीकडे भावाकडे निघून गेली.

नेमके तेव्हाच एदोचे घाऊक व्यापारी काम्बेई माल पारखायला यायचे होते. त्यांनी नाक मुरडलं असतं, तर वर्षाचं पीक घरातच कुजलं असतं. शिरा काढायच्या असतात हे मालकांना ठाऊक होतं; त्याला वेळ किती लागतो, हे नव्हतं. निम्म्या शिरा तशाच राहिल्या. गुंडाळी खरोखरच चटईसारखी झाली. मी टेकलो की पानं सरकत. धार तीच, हात तोच, पण तंबाखू निघाली गवताच्या काड्यांसारखी.

काम्बेईंनी चिलीम पेटवली. शीर तडकन फुटली आणि ठिणगी त्यांच्या रेशमी बाहीवर पडली.

"योहाची, तंबाखू विकता की फटाके?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

"हात माझाच आहे," ते खाली बघत म्हणाले, "पण गुंडाळी ओतोसेची नाही."

"मग तिला आणा. परतीच्या वाटेवर पुन्हा थांबतो."

मालक बर्फातून डोंगर चढले. ओतोसेने दारातच विचारलं, "झाली का चटई गुंडाळून?"

"झाली. काम्बेईंना तुझं नाव सांगितलं."

"मी समोर नसताना?"

"हो."

"मग पुन्हा सांगा."

काम्बेई परतले तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितलं; अडखळत, पण तिच्यासमोर. ओतोसेने नव्याने गुंडाळलेला माल विकला गेला. रुसवा मात्र पुरता गेला नाही. तेव्हापासून ओतोसे कडाक्याच्या थंडीतही दुकानाच्या दर्शनी बाजूलाच बसून गुंडाळी करी. आत ये म्हणायचा मालकांना धीर झाला नाही.

पुढे कापायची यंत्रं आली. त्यांना बायको लागत नाही. दुकान बसलं, ती दोघंही गेली, आणि मी त्यांच्या नातसुनेच्या स्वयंपाकघरात मुळे कापू लागलो.

म्हणून सांगतो मित्रांनो, धारेचं कौतुक करताना गुंडाळी बांधणारा हातही पाहत जा. तेवढं नाही जमलं, तर निदान मला पुसून ठेवा. कालच्या मुळ्याने अजून ओला आहे.