दांड्यावरची चिंधी

मित्रांनो, मी कॉफी भाजायचा एक जुना ड्रम आहे. मला भंगार म्हणणाऱ्याने आधी माझा दांडा हातात धरून बघावा, मग बोलावे.

माझा जन्म सत्त्याऐंशी सालचा, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला. अंबरनाथची कंपनी बंद पडली आणि माझे मालक शिवराम घरी बसले. वीस वर्षे प्रेस मशीनवर काढल्यामुळे त्यांचे कान जवळजवळ गेले होते. कॅन्टीनच्या अण्णाने शिकवलेले कॉफी भाजणे तेवढे हाताशी होते. त्यांनी कॅम्प चारमधल्या कारागिराकडून स्टीलचा पत्रा गोल वळवून घेतला, बिया उलथायला आत तीन पट्ट्या जोडल्या, बाहेर लोखंडी दांडा लावला आणि मला बदलापुरात, हेंद्रेपाड्याच्या घरी, गॅसच्या मोठ्या शेगडीवर आडवे बसवले.

बिया भाजत आल्या की तडतडतात. तेव्हाच काढल्या नाहीत तर कोळसा होतो.

हॉटेलवाले जयदेवशेट मोठ्याने म्हणाले, "शिवरामभाऊ, तुम्हाला फोडणी ऐकू येत नाही, हे कसं ऐकणार?"

"ओरडू नका, शेट. मी बहिरा आहे, लांब नाही."

"मग शनिवारी माझ्यासमोर भाजा. जमलं तर दर आठवड्याचा माल तुमचा."

शेटना ठाऊक नव्हते, घरातही कुणाला नव्हते. शिवराम दांड्यातून ऐकत. आत बी तडकली की त्यांच्या तळहाताला मुंगी चावल्यासारखे होई.

शनिवारी त्यांच्या बायकोने, शालनने, हात भाजू नये म्हणून दांड्याला लुगड्याची चिंधी गुंडाळली. मायेनेच गुंडाळली. मी आतून तडतडत राहिलो, शिवराम फिरवत राहिले. धूर झाला. शेट चपला घालू लागले.

शिवरामनी चिंधी ओरबाडून काढली. "बसा शेट. अजून एक घाणा."

"अहो, हात पोळेल," शालन म्हणाली.

"पोळू दे. माझा कान बांधलास तू."

या वेळी त्यांचा हात मध्येच थांबला. "झालं," म्हणून त्यांनी बिया सुपात ओतल्या. शेटनी एक बी चावली, दुसरी चावली. "सोमवारी पाच किलो," ते म्हणाले, हळू आवाजात. शिवरामना ते ओठांवरून कळले.

त्याला अकरा वर्षे झाली. मी काळा पडलो. मोटर बसवा म्हणणारे आले आणि चहा पिऊन गेले. परवा शिवरामचा हात थरथरू लागला, तेव्हा शालनने पदर खोचला आणि उघड्या हाताने दांडा धरला.

"सांगा आता, कुठं चावते ती मुंगी?"

तेव्हा मित्रांनो, मला घासा, पुसा, हवे तर चार शिव्या द्या. पण कापडात गुंडाळून माळ्यावर टाकू नका. मला अजून पुष्कळ तडतडायचे आहे.