जहागीरदाराच्या मोटारीचं पडसं

बहात्तरच्या दुष्काळात चौसाळ्याच्या अलीकडच्या एका गावात मानसांच्या आधी मोटार पानी प्यायची. सोसायटीच्या विहिरीवर पहाटंपासून दोनशे घागरी रांगंत, अन् शिपाई यायचा, दोन घागरी मोटारीच्या म्हनून मधीच भरून न्यायचा. कुनी ‘का’ म्हनायचं न्हाई. कमिटीचा ठराव व्हता ना!

मोटार निजामाच्या वक्ताची, एका जहागीरदाराची, काळीकुट्ट. लिलावात सोसायटीनं घेतली, म्हंजी चेअरमन त्रिंबकरावनं बसायला घेतली. तिचा हॉर्न वाजला की लिंबागणेशपातुर म्हशी दूध चोरायच्या, असला आवाज. वैशाखात ती उनानं तापली, चालता चालता बंद पडाया लागली. तवा कुनीतरी सांगितलं, कारबुरेटरवर ओलं पोतं टाकीत जा. झाला ठराव: रोज दोन घागरी, रोज ओलं पोतं. वैशाख गेला, पावसानं तोंड दाखवलं न्हाई, दिवाळी कोरडी गेली, पौषाची थंडी हाडात शिरली, तरी ठराव काय उठला न्हाई. शिपाई कुडकुडत पोतं भिजवायचा अन् मोटारीच्या उरावर टाकायचा.

अन् पौषात मोटार शिंकाया लागली. नुसती शिंक न्हाई. फाट्! फट्-फट्-फाट्! कारबुरेटरातून जाळ निघायचा. एका सकाळी असा बार काढला की पिंपळावरचे बगळे उडाले ते थेट पैठणाला जाऊन उतरले, अन् त्रिंबकराव टेबलाखाली सापडले.

बीडहून मेस्तरी आला. तीनदा आला. कारबुरेटर खोलला, जेटमधी फुंकर मारली, प्लग घासले. कायबी सापडंना. मंग आपली अब्रू राखायला त्यो म्हनला, “सायब, पेट्रोलमधी कुनीतरी माती टाकतंय.”

त्रिंबकरावला तेवढंच पायजे व्हतं. मागल्या आठवड्यात धनगरवस्तीचा सुग्रीव रांगंत सगळ्यांदेखत बोललता, “मोटारीला दोन घागरी, अन् माझ्या तान्ह्या पोरीला तांब्याभर न्हाई?” म्हनून माती त्यानंच टाकली. फैसला झाला: सुग्रीव येऊन पाया पडून कबूल करस्तवर धनगरवस्तीला सोसायटीचं पानी बंद. विहिरीच्या फाटकाला कुलूप लागलं. वस्तीचं कुनी आलं की शिपाई काठी आडवी करायचा.

सुग्रीवची माय साखराबाई. दीड कोसावरच्या ओढ्यातला झरा उकरून वाटी-वाटीनं घागर भरायची, अन् भरता भरता त्रिंबकरावच्या सात पिढ्या उद्धरायची. पोरगं पाया पडाया निघालं तर तिनं त्येला दारातच आडवलं.

“कुठं निघाला बे?”

“आई, पोरीला पानी न्हाई. पडतो पाया. काय झिजतंय माझं?”

“न केलेल्या गोष्टीला पाया पडला ना, तर उद्या गावात कोंबडी मेली तरी तुझंच नाव घेतील. बस खाली!”

त्येला बसवलं अन् ती सोता उठली. चाती घेतली, लोकर घेतली, अन् सोसायटीपुढं, मोटार उभी असती तिथं, सूत कातीत बसली. एक दिवस बसली, दोन दिवस बसली. जल्मभर मेंढरं राखलेली बाई. कोन्तं कोकरू कवा शिंकतंय, कवा ठसकतंय, त्यावरनं त्येचं दुखनं वळखायची तिला सवय.

तिनं काय बघितलं? सकाळी पोतं निथळतंय, मोटार गारठून बर्फ. डायव्हर उत्तरेश्वर हँडल मारून मारून घामाघूम. त्यो एक बटन बाहेर वढायचा, की त्रिंबकराव त्येच्या हातावर चापट मारायचे. मोटार शिंकत, बार काढत, कशीबशी बीडाच्या वाटंला लागायची. अन् दुपारी परत यायची तवा? लोन्यावानी! एक शिंक न्हाई.

साखराबाईचं टाळकंच सनकलं. तिनं उत्तरेश्वरला गाठलं.

“कावून रं, ते बटन कशाचं?”

“चोक हाय, मावशी. इंजन गार असलं की वढावा लागतो. मंग पेट्रोल जरा जास्ती जातं, इंजन धरतं. पर सायब म्हनत्यात, पेट्रोल खातंय, आत ढकल.”

“अन् ते पोतं?”

उत्तरेश्वरनं हिकडंतिकडं बघितलं. “इंजन कोमट झाल्याबिगर पेट्रोलची वाफ व्हत न्हाई, मावशी. गारठ्यात ओलं पोतं म्हंजी… पर ठराव हाय ना.”

“मंग तुला ठावं व्हतं! अन् माझं लेकरू चोर ठरस्तवर तुझ्या तोंडाला काय झालतं?”

“नोकरी हाय, मावशी,” त्यो खाली बघत म्हनला.

“हाय, हाय! अन् वस्ती पानी म्हनून तुझी नोकरी पिती व्हय?”

त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत तिनं पोतं उचललं. नाहीतरी चोर म्हनत्यातच, तर चोरूनच घ्यावं! अन् त्या जागी आपलं घोंगडं इंजनावर दाबून घातलं.

सकाळी त्रिंबकराव आले. दहाला बीडात कलेक्टरापुढं दुष्काळाची मीटिंग. बघत्यात तर पायरीवर साखराबाई, मागं वस्तीच्या समद्या बाया, काखंत रिकाम्या घागरी.

“पोतं कुठं हाय?” ते वरडले.

“हे काय, बसलेय की मी त्येच्यावर. वाळलं बगा चांगलं.”

“हरामखोर! तुमीच मोटार बिघडवली, आता पोतंबी—”

“त्रिंबकराव,” साखराबाई म्हनली, अन् तिचा आवाज असा चढला की पल्याडच्या वावरातली मानसं कामं टाकून आली, “टाकीत पेट्रोल कालचंच हाय ना? त्यात माती हाय ना? मंग दुपारी ती कुठं जाती? बीडात उतरून च्या पिती? सकाळी तेवढी परत येऊन बसती? आता घोंगडं काढा अन् त्येला त्यो चोक वढू द्या. मोटार शिंकली, तर सुग्रीव काय, मीच तुमच्या पाया पडते.”

गाव गोळा झालेलं. त्रिंबकरावला न्हाई म्हनता येईना. उत्तरेश्वरनं घोंगडं काढलं, चोक वढला, हँडल मारलं. एकदा. दुसऱ्यांदा. मोटार जरा थरथरली, अन् घुर्र करून लागली. थोडं तापल्यावर त्यानं चोक हळूच आत ढकलला. गाव कान टवकारून. एक शिंक न्हाई, एक बार न्हाई.

“ऐकलं?” साखराबाई म्हनली. “माती न्हाई. पडसं झालतं तुमच्या मोटारीला, अन् ते तुमी लावलंत. आमच्या घशातलं पानी घालून!”

त्रिंबकरावनं टोपी नीट केली. “बरं, बरं. बघू. आठ दिसांनी मीटिंग हाय, तवा कुलपाचा इचार करू.”

आठ दिस! साखराबाईनं मोटारीचं दार उघडलं अन् आत जाऊन बसली. तिच्या मागं दुसरी, तिसरी, चवथी. मांडीवर घागरी, घागरीवर लेकरं. सतरा बाया मावल्या म्हनत्यात, अन् एक कोकरू डायव्हरच्या जागंवर.

“उतरा! मला कलेक्टरापुढं जायचंय!”

“चला की. आमीबी येतो. कुलपाचं त्येंनाच सांगू.”

त्रिंबकराव मोटारीभवती तीनदा फिरले. घड्याळ बघितलं. मंग सेक्रेटरीला हाक मारली. त्यानं बॉनेटवरच वही उघडली, कमिटीचे चौघं बोलावले, लिवलं अन् वाचून दाखवलं: “चेअरमनसाहेबांच्या मेहरबानीनं धनगरवस्तीस पाणी—”

“थांब,” आतून आवाज आला. “कुनाच्या मेहरबानीनं?”

सेक्रेटरी त्रिंबकरावच्या तोंडाकडं बघाया लागला.

“तिकडं काय बघतो? खोड ते. अन् सुग्रीवनं मोटारीला हातबी लावला न्हाई, असं लिव. ठळक लिव.”

“आगं साखरे, लई झालं!” त्रिंबकराव म्हनले.

“लई झालं ते पंधरा दिस माझ्या नातीनं सोसलं. तुमची फकस्त सही हाय.”

सेक्रेटरीनं खोडलं, नवं लिवलं, दोनदा वाचून दाखवलं. त्रिंबकरावनं दात व्हट खाऊन सही केली. शिपाई फाटकाकडं पळाला.

फाटकाचं कुलूप उघडल्याचा आवाज येस्तवर मोटारीतली एकबी बाई उतरली न्हाई.