वाडगा धरलेला हात

हात जायबंदी झालेला जवान आला की मेजर ह्वांग सगळ्या इस्पितळाला एकच मंत्र ऐकवायचे, "मकोल्लीचा वाडगा धरलाय असा हात ठेवा. बोटं सरळ करून फळीला बांधलीत, तर ती कायमची ताठतील." भाताच्या दारूचा वाडगा कसा धरायचा, हे कोरियात कुणाला शिकवावं लागत नाही. तरी चुकणाऱ्या परिचारिकेला साहेब असं झापत, की तिला जेवण गोड लागत नसे. मी त्यांचा दुय्यम डॉक्टर, जखमींना गुंगी देणारा. माझ्या मते माणूस हाडाचा सर्जन होता आणि तितकाच खवट.

एकावन्नच्या शरदात टेकड्यांवरची लढाई पेटली होती. एका सकाळी प्यो तुक-सू नावाचा शिपाई आला. बॉम्बचा तुकडा उजव्या तळहातातून आरपार गेलेला. मी गुंगी देणार, तोच त्याने डाव्या हाताने साहेबांची बाही पकडली.

"साहेब, बोटं वळली नाहीत तरी चालेल मला."

"मला नाही चालणार."

"दोन्ही भाऊ त्याच टेकडीवर गेले, साहेब. घरी आई एकटी. बाबांच्या श्राद्धाला दारूचा प्याला ओतायला आता मीच उरलोय."

"ताठलेल्या हाताने ओतणार?"

"बाबा समजून घेतील. टेकडी नाही समजून घेत."

"मी इथे हात बरे करतो, बिघडवत नाही. गुमान झोप," साहेब खेकसले.

जखम त्यांनी नेहमीसारखीच निगुतीने साफ केली. मग फळी मागवली आणि चारी बोटं सरळ करून तिच्यावर सपाट बांधली. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मान वर करेनात.

"तुला काही म्हणायचंय?"

"नाही, सर."

म्हणायचं पुष्कळ होतं. उद्या सगळेच असं मागायला लागले तर टेकडीवर उभं कोण राहणार? आणि वरपर्यंत गेलं तर साहेबांना गोळीच घालतील. पण त्या खवट माणसाबद्दल तेव्हा जितका आदर वाटला, तितका पूर्वी कधी वाटला नव्हता.

दुपारीच आम्हा दोघांना पुढच्या ठाण्यावर जायचा हुकूम आला. तिथे माणसं इतकी आली, की तुक-सू माझ्या तरी डोक्यातून गेला.

परतलो तेव्हा बर्फ पडायला लागलं होतं. वॉर्डात तपासणी अधिकारी फिरत होता. कोण आघाडीवर परत, कोण घरी, हे ठरवायचं त्याच्या हाती. साहेब त्याच्याबरोबर निघाले, मी मागे. तुक-सूच्या खाटेपाशी थांबून अधिकाऱ्याने त्याची बोटं स्वतः धरून दाबली. सोंग घेणाऱ्यांचं तिथे काही चालत नसे. बोटं बिनतक्रार वळली.

"वा, मेजर! तुमच्या हाताला तोड नाही. हा आघाडीवर परत. करा सही."

साहेब नुसते त्या मुठीकडे बघत राहिले. तेवढ्यात मुख्य परिचारिका ओक-बुन पुढे झाली. साहेबांच्या हाताखाली तयार झालेली, शिस्तीला त्यांच्याहून कडक. ती त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, "साहेब, त्या दिवशी तुम्ही फार दमला होतात. याचा हात चुकून सपाट बांधला गेला होता. तुम्ही गेल्या गेल्या मी सोडला आणि वाडगा धरल्यासारखा बांधला. मग रोज बोटंही हलवून घेतली."

मी जमिनीकडे बघत होतो. हात बरा झाला होता, नाकारायला कारण उरलं नव्हतं. साहेबांनी सही केली. अधिकारी पुढच्या खाटेकडे गेला. ओक-बुन तिथेच उभी होती, शाबासकीची वाट बघत.

"छान केलंस," साहेब म्हणाले.

तुक-सू खाटेवरून उतरला आणि त्याने साहेबांना कमरेत वाकून नमस्कार केला.

"साहेब, त्या दिवशी नको ते बोलून गेलो. मनावर घेऊ नका. हात मात्र अगदी पहिल्यासारखा करून दिलात."