झाकलेला नंबर

“नाव, मोबाईल नंबर, सगळं झाक,” सम्राट खुर्चीमागं उभा राहून म्हणाला. “पेशंटची माहिती हाय. उद्या बोंब झाली तर आपण दोघं बी घरात बसू.”

संघप्रियाने मान हलवली. शाहूपुरीतल्या त्या दोन खोल्यांच्या कंपनीत वेबसाइटचं लोकांना दिसणारं अंग तिच्याकडे होतं. एका डायलिसिस सेंटरचं नंबर लावायचं पान काही फोनांवर अडत होतं. पण नेमकं कुठे, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून आज तिने पानाला एक साधा लॉगर जोडला होता. कुणाच्या फोनवर काही बिघडलं, की त्याची एक ओळ तिच्या स्क्रीनवर येणार. किरकोळ नोंदी तिने बंद केल्या, फक्त चुकांच्या चालू ठेवल्या, नावं-नंबर झाकले आणि पान चढवलं.

जेवणाचा डबा उघडेपर्यंत पहिली ओळ आली. जुना फोन. तारीख निवडली, बटण दाबलं, अडलं. लगेच दुसरी. तिसरी. फोन तोच.

चूक तिला दिसली. तिने ज्या पद्धतीने तारीख लिहिली होती, ती जुन्या फोनांना वाचताच येत नव्हती. डबा बाजूला सारून तिने दुरुस्ती केली, सम्राटने ती चढवली. तरी ओळी येतच राहिल्या. त्या माणसाच्या हातात दुरुस्तीआधीचं, मघाचंच पान उघडं होतं.

“एकदा बंद करून उघडा की हो,” ती स्क्रीनला म्हणाली.

मग त्या माणसाचा नंबर तिथूनच लावा म्हणून सांगायला तिने सेंटरला फोन लावला.

“नाव सांगा म्याडम,” तिथल्या काउंटरवरचा जोतीराम म्हणाला, “आत्ता लावतो नंबर.”

“नाव न्हाय माझ्याकडं.”

“मग मी तरी कुणाला हुडकू?”

थोड्या वेळाने ओळी थांबल्या. माणूस कंटाळला, की फोन बंद पडला, की आणखी काही झालं, ते कळायला मार्ग नव्हता.

“झालं की काम,” सम्राट म्हणाला. “आता समद्यांस्नी चालतंय.”

ते खरंही होतं.

संध्याकाळी उचगावला घरी जायचं सोडून ती सेंटरवर गेली. बाहेरच्या बाकड्यावर माणसं दाटीने बसली होती. तडे गेलेले, रबर लावलेले जुने फोन जवळजवळ प्रत्येकाच्या हातात होते. विचारायचं कोणाला, आणि काय म्हणून?

एका म्हातारीने शेजारची पिशवी मांडीवर घेतली.

“बस की बाई. तुझं कोण हाय आत?”

 संघप्रिया बाकड्याच्या कडेला बसली.