वाऱ्याचा डोळा

आमच्या घरात पंखा म्हणजे नुसती शोभा. बाबा इंग्रजी-मराठी शब्दकोश करत होते आणि एकेका शब्दाची एकेक चिठ्ठी टेबलावर, ट्रंकेवर, अगदी आईच्या पायथ्याशीसुद्धा मांडून ठेवत. वारा आला की सगळी मेहनत पाण्यात, म्हणून खिडकीला कायमची कडी. आई त्या चिठ्ठ्यांना सवती म्हणायची. ती हसत म्हणायची, पण मला कधी हसू आलं नाही.

दम्यानं आईला अंथरुणाला खिळवलं, तरी कडी निघाली नाही. डॉक्टर म्हणाले, खोलीत हवा खेळू द्या. आईनं विषय काढला की बाबा म्हणत, झालंच आता, डब्ल्यू आला. एकदा मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, शब्दांपायी माणूस घालवाल. आईनंच मला गप्प केलं. म्हणाली, हत्ती गेला, शेपूट राहिलंय, आता कशाला भांडतेस.

आईला इंग्रजीचा गंध नव्हता. पण तिला कळल्याशिवाय बाबा कुठलाच शब्द पक्का करत नसत. त्या संध्याकाळी ते एक चिठ्ठी घेऊन तिच्या उशाशी बसले. शब्द होता विंडो. खिडकी, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण मूळ शब्द दूरच्या, थंड मुलखातल्या जुन्या भाषेतला, वारा आणि डोळा मिळून झालेला. वाऱ्याचा डोळा! सांगताना बाबांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला होता.

आईनं धापा टाकत बंद खिडकीकडे पाहिलं.

"कळलं," ती म्हणाली. "मग उघडा की हो तो एकदा."

बाबांनी खोलीभर पसरलेल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. "उद्या छापखान्याचा माणूस सगळं घेऊन जाईल. आजची रात्र कळ काढ."

पहाटे आई गेली.

छापखान्याच्या माणसाला शेजाऱ्यांनी दारातूनच परत पाठवलं. तिला पोचवून आल्यावर मी बाबांना फैलावर घेणार होते. एकेक वाक्य मनात घोटून ठेवलं होतं. खोलीत शिरले तर खिडकी सताड उघडी. चिठ्ठ्या भिंतींवर आपटत होत्या, कितीतरी बाहेर रस्त्यावर गेल्या होत्या. बाबा पलंगाशी उभे होते. एकही चिठ्ठी त्यांनी उचलली नव्हती.

"लागतोय का गं वारा?" त्यांनी रिकाम्या गादीला विचारलं.



"लागतोय, बाबा," मी म्हटलं, आणि रस्त्यावरच्या चिठ्ठ्या गोळा करायला खाली गेले.