मोत्याचं घर

शिवमूर्तींना पुस्तकं वाचता येत, शिकवता येत नसत. तरी सुनेनं, अर्पितानं, तलाठी भरतीचं जाडजूड पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं.

"अप्पा, बाकीचं जमायलंय. ह्या शब्दांच्या जोड्यांतच मी अडते. वयात बसणारी ही शेवटची परीक्षा हाय."

सोनपेठच्या वाचनालयात जन्म घालवलेल्या माणसाला नाही म्हणता येईना. पण आपल्यामुळंच तिची संधी जायची, ही भीती त्याच घडीला मनात शिरली.

रीत त्यांनी पुस्तकातूनच उचलली. पहिल्या जोडीचं वाक्य करायचं, मग तेच वाक्य दुसरीला लावून बघायचं. कुंभार मडकं घडवतो, तर सुतार काय घडवतो? सुरुवातीला गाडी सुरळीत चालली. मग एका सकाळी आलं: देवाला देऊळ, तर मोत्याला काय? पर्याय होते माळ, शिंपला, सोनार आणि समुद्र.

शिवमूर्ती नुकतेच पूजेवरून उठले होते. लिंगायतांच्या रीतीनं डाव्या तळहातावर घेऊन पुजलेलं इष्टलिंग पुन्हा गळ्यात गेलं होतं. देव म्हटल्याबरोबर हात तिथंच गेला.

"देव गळ्यात, मोतीही गळ्यात. माळ."

"मग देऊळ कुठं गेलं, अप्पा? देव आपल्यापाशीच असतोय, देवळात नुसतं बघायला जातो. मोतीबी आपल्यापाशी, बघायला जातो सोनाराकडं. सोनार!"

पुस्तकाच्या मागं उत्तर होतं, शिंपला.

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी, चन्नबसम्मा, म्हणाल्या, "दोन शहाण्यांची दोन उत्तरं, अन् पुस्तकाचं तिसरंच! ह्यांनी शिकवल्यावर पोरगी तलाठी न्हाई, सोनारीण व्हायची."

अर्पिता हसली. शिवमूर्तींना हसू आलं नाही. शिंपला का, ते त्यांना जेवताना उमगलं. पुस्तकाच्या लेखी देव देवळात राहतो! इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये? आणि आता तिलाही सुचेना.

परीक्षेच्या दिवशी ते तिच्यासोबत परभणीच्या एसटीत बसले. गंगाखेड मागं पडल्यावर त्यांनी धीर केला.

"अर्पिता, आपण करत होतो तसलं वाक्य करू नको."

"आत्ता सांगताय? मग करू काय?"

"वाक्य कर, पण आपल्या घरचं नको. पेपर काढणाऱ्याच्या घरचं कर."

"त्याचं घर मी कवा बघितलंय?"

शिवमूर्ती गांगरले. "पर्याय बघ. चारही त्याच्याच घरातले असतात. आधी ते वाच, अन् तिथनं उलटं पहिल्या जोडीकडं ये."

तिनं पुस्तक मिटून त्यांच्या हाती दिलं. तिच्यापाशी होतं तेवढंही आपण घालवलं, असं त्यांना वाटलं. परीक्षा सुटेपर्यंत ते केंद्राबाहेर लिंबाखाली मांडीवर पुस्तक उघडून बसले, पण पान काही उलटलं नाही.

अर्पिता आली ती बोलतच. "अप्पा, तसलंच आलं होतं! भक्ताला पुजारी, तर रुग्णाला कोण? आपल्यात ज्याची पूजा त्यानंच करायची, भक्त तोच पुजारी. म्हणजे रुग्णाला रुग्णच! पर्यायात तर रुग्ण न्हाई. लय घाम फुटला."

"मग?"

"मग पर्याय वाचले. आजार, दवाखाना, नातेवाईक, डॉक्टर. म्हटलं, ह्या माणसाच्या घरी पूजा करायला दुसराच कुणीतरी येतोय. डॉक्टर दाबलं."

"बरोबर," शिवमूर्ती म्हणाले. पुस्तक मिटून ते उठले. पण स्टँडच्या फाटकाशी त्यांचे पाय थबकले.

"अर्पिता, पेपर काढणारा आपल्यातलाच असला तर?"

"तर त्यानं पर्यायात रुग्ण दिला असता. चला, गाडी लागलीय."

त्यांना ते पटल्यासारखं झालं. गाडी सुटली तरी हात मात्र गळ्याशीच होता, आणि मोती नेमका राहतो कुठं, हे त्यांना अजूनही ठरवता येत नव्हतं.